उंच गाडीचा तोल : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

"गाडी किती स्टारची?" हा प्रश्न शोरूममध्ये आता सर्रास विचारला जातो. पूर्वी गिऱ्हाईक मायलेज विचारत असे, रीसेल विचारत असे. गाडी आपटली तर आतल्या माणसाचे काय होईल, हे विचारणेच अशुभ वाटत असे. हा बदल मोठा आहे आणि त्याचे मनापासून स्वागत केले पाहिजे. पण थार, गुरखा, स्कॉर्पिओ, जिम्नी अशा उंच आणि आडवाटेला चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत एवढ्या एका प्रश्नावर थांबून भागत नाही. ही गाडी वळणावर, चिखलात, टपावर सामान असताना कशी वागते आणि कोणत्या क्षणी चालकाच्या हाताबाहेर जाते, हा दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. पहिला प्रश्न धडकेनंतरचा, दुसरा धडकेआधीचा. दोन्हींचा एकत्र विचार करणारा अभ्यास मराठीत रुजावा, यासाठी ही पाने लिहिली आहेत.

विषय वाहन अभियांत्रिकीचा असला तरी त्यात शिरायला पदवी लागत नाही. दहावीपर्यंतची त्रिकोणमिती, एक मोजपट्टी आणि रस्त्याकडे बारकाईने बघण्याची सवय एवढ्यावर बरीच मजल मारता येते. उदाहरणे मी भिवंडीची घेतली आहेत, आणि ती केवळ आपुलकीपोटी नव्हे. यंत्रमागांचे हे गाव आता गोदामांचेही झाले आहे. एका अंगाला मुंबई-नाशिक महामार्ग, गावातून जाणारा जुना आग्रा रोड, अंजूरफाट्याहून कामणमार्गे चिंचोटीला निघणारा रस्ता, नदीनाक्यावरून अंबाडी-वाड्याकडे जाणारा रस्ता. थोड्याच अंतरात सिमेंट काँक्रीट, उखडलेले डांबर, पेव्हर ब्लॉक, खडी आणि गोदामाच्या आवारातला घोटाभर चिखल एकापाठोपाठ एक भेटतात. चाचणीच्या मैदानावर असे वेगवेगळे पृष्ठभाग मुद्दाम तयार करावे लागतात. इथे ते रोज चाकाखाली येतात. शिवाय उंच गाडी ही इथे हौसेची वस्तू क्वचितच असते. गोदामाचा मालक, बांधकामाचा ठेकेदार, लग्नाचे वऱ्हाड, वज्रेश्वरीला जाणारे भाविक असे सगळेच तिच्यात बसतात. शहरात चालणारी, महामार्गावर धावणारी आणि शेतात उतरणारी गाडी बहुधा एकच असते. म्हणून तिचा अभ्यास करायचा तर ती जशी वापरली जाते तसाच करायला हवा, कारखान्यातून निघाली तसा नव्हे. या प्रस्तावनेचे मुख्य म्हणणे तेवढेच आहे.

आधी ताऱ्यांकडे वळू. अमेरिकेत सरकारी धडक-मूल्यांकन १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाले, युरोपचे १९९७ मध्ये. भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्या ग्लोबल एनकॅप या धडक-मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये पहिल्यांदा आपटून पाहिल्या, तेव्हा निवडलेल्या पाचही छोट्या गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारा मिळाला. २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओलाही शून्यच मिळाला. त्याच नावाच्या नव्या पिढीने, स्कॉर्पिओ-एनने, २०२२ मध्ये पाच तारे मिळवले. सहा वर्षांत झालेली ही वाटचाल आपल्या वाहन उद्योगासाठी अभिमानाची आहे. तारे जाहीर झाले नसते तर ती इतक्या लवकर झाली असती, असे मला वाटत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपले स्वतःचे भारत एनकॅप लागू झाले. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारी त्याच्या कक्षेत येतात आणि सहभाग ऐच्छिक आहे.

या चाचणीत नेमके काय होते, हे नवशिक्याने नीट समजून घ्यावे. गाडी ताशी ६४ किमी वेगाने एका दबणाऱ्या अडथळ्यावर नेली जाते आणि तिच्या रुंदीचा फक्त ४० टक्के भाग त्यावर आदळतो. समोरून येणाऱ्या गाडीशी अर्धवट टक्कर होते, तसाच हा प्रकार. मग ताशी ५० किमी वेगाने एक फिरता अडथळा बाजूने येऊन धडकतो. वरच्या श्रेणीसाठी ताशी २९ किमी वेगाने गाडी खांबावर आडवी आपटली जाते. आतल्या पुतळ्यांच्या डोक्याला, छातीला, मांड्यांना बसलेला भार मोजून गुण ठरतात. मोठ्यांसाठी ३२ पैकी २७ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४१ गुण मिळाले की पाच तारे. थार रॉक्सला नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठ्यांसाठी ३१.०९ आणि मुलांसाठी ४५ गुण मिळाले. आपल्या देशात विक्रीसाठी सक्तीची असलेली समोरच्या धडकेची चाचणी ताशी ५६ किमीची आहे. ५६ आणि ६४ या आकड्यांतला फरक किरकोळ वाटतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे दुसऱ्या धडकेत जवळपास ३० टक्के जास्त ऊर्जा असते.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो, कारण ती विसरली की तुलना फसते. तीन दारांच्या थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपकडून चार तारे मिळाले, तेव्हा त्या संस्थेची भारतीय गाड्यांसाठीची परीक्षा मुख्यतः समोरच्या धडकेची होती. थार रॉक्सचे २०२४ चे पाच तारे वेगळ्या प्रश्नपत्रिकेवरचे आहेत. वर्ष आणि संस्था न सांगता दोन गाड्यांचे तारे शेजारी मांडणे हा अभ्यास नव्हे. छोट्या जिम्नीला २०१८ मध्ये युरो एनकॅपने तीन तारे दिले, तेही युरोपच्या त्या वर्षीच्या कसोट्यांवर.

आता ताऱ्यांच्या पलीकडे. भारत एनकॅपमध्ये तीन किंवा त्याहून अधिक तारे हवे असतील तर गाडीत इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण असावे लागते. ही अट फार मोलाची आहे. घसरू लागलेल्या गाडीचे एकेक चाक स्वतंत्रपणे ब्रेक करून ही यंत्रणा तिला मार्गावर आणते. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या अभ्यासानुसार एसयूव्ही एकट्याने उलटून होणाऱ्या जीवघेण्या अपघातांचा धोका या यंत्रणेमुळे सुमारे तीन-चतुर्थांशाने घटतो. पण गाडी मुळात किती सहज उलटेल, याला आपल्याकडच्या ताऱ्यांत स्वतंत्र गुण नाहीत. उंच गाड्यांच्या देशात ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते.

अमेरिकेने हे गुण २००१ च्या मॉडेलांपासून द्यायला सुरुवात केली. त्यामागचे सूत्र साधे आहे. डाव्या आणि उजव्या चाकांमधल्या अंतराचे निम्मे करा आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. आलेला आकडा म्हणजे स्थिरतेचा गुणक. अमेरिकी तक्त्यात १.४५ किंवा अधिक असेल तर पाच तारे, १.०४ च्या खाली असेल तर एकच. समजण्यासाठी एक कल्पित गाडी घेऊ: चाकांमधले अंतर १५०० मिमी, गुरुत्वमध्य ७०० मिमी उंचीवर, वजन १७०० किलो. गुणक आला १.०७. आता जमिनीपासून १.९ मीटर उंचीवरच्या कॅरिअरवर १०० किलो सामान बांधा. गुरुत्वमध्य ७६७ मिमीवर चढतो आणि गुणक ०.९८ वर उतरतो. दोन ताऱ्यांची गाडी एका ताऱ्याची झाली. सामान म्हणजे फार काही नव्हे: दोन गाद्या, एक शिधापेटी, पाण्याचे दोन कॅन आणि वऱ्हाडातल्या चार बॅगा. दोन इंची लिफ्ट किट बसवल्यावरही आकडा असाच खाली येतो, आणि ती कायमची बसवलेली असते.

चाकांमधले अंतर किती महत्त्वाचे, याचा धडा आपल्या ओळखीच्या गाडीतच आहे. अमेरिकेत सुझुकी समुराई म्हणून विकली जाणारी छोटी जीप अचानक वळवल्यास उलटू शकते, असे सांगून तिथल्या ग्राहक संघटनेच्या मासिकाने १९८८ मध्ये तिला 'अस्वीकार्य' ठरवले. चाचणीच जाणीवपूर्वक तशी घडवून आणल्याचा सुझुकीचा आरोप होता. १९९६ मध्ये सुरू झालेला हा दावा २००४ मध्ये तडजोडीने मिटला. तिचे लांब भावंड म्हणजे आपली मारुती जिप्सी. पोलीस, लष्कर, वनखाते यांच्या ताफ्यांत ती वर्षानुवर्षे राबली. १९९३ मध्ये मारुतीने तिच्या चाकांमधले अंतर ९० मिमीने वाढवले. गुरुत्वमध्य तिथेच राहिला असे धरले, तर या साडेतीन इंचांनी स्थिरतेचा गुणक सुमारे सात टक्क्यांनी सुधारतो. वाद कोर्टात काहीही होवो, रेखाटनाच्या टेबलावर उत्तर उपलब्ध होते.

तरीही केवळ हा गुणक पाठ करून कुणी या विषयाचा जाणकार होत नाही. सपाट कोरड्या रस्त्यावर टायर बहुधा आधी घसरतात. गाडी उलटण्याइतका आडवा जोर तयारच होत नाही. एकट्या गाडीच्या उलटण्याच्या घटनांपैकी सुमारे ९५ टक्के घटनांत चाक कशाला तरी अडते, असे अमेरिकी वाहतूक सुरक्षा प्रशासन सांगते. म्हणजे घसरणाऱ्या गाडीचे चाक दगडाला, कठड्याला किंवा मऊ मातीला अडकते आणि वरचा भार पुढे झुकतो.

हे इथल्या रस्त्यावर कसे घडते ते जवळून पाहा. पावसाळ्यात नवा काँक्रीटचा पट्टा उंच होतो आणि साइडपट्टी भरलेली नसते. कडेला वीतभर उतार, खाली लाल चिखल. समोरून कंटेनर येतो, उंच गाडीचा चालक थोडे डावीकडे घेतो आणि डावी दोन चाके पट्ट्याखाली उतरतात. इथपर्यंत काही बिघडलेले नसते. घाबरून तो स्टेअरिंग झटक्यात उजवीकडे ओढतो, पण चाकाची कड काँक्रीटच्या उभ्या धारेला घासत राहते आणि चाक वर येत नाही. स्टेअरिंग आणखी वळते. मग एकदम चाक वर चढते, तेव्हा ते बरेच उजवीकडे वळलेले असते. गाडी आडवी होते, समोरच्या वाहनाच्या वाटेत जाते किंवा चाक अडून उलटते. यातून सुटायचे तर वेग कमी करत, ब्रेकवर उभे न राहता, चाके खालीच सरळ चालू द्यावी लागतात आणि कड बुटकी झाली की हळूच वर घ्यावी लागतात. ही कृती वाचून येत नाही, मोकळ्या जागेत करूनच येते. रस्ता बांधणाऱ्यासाठीही यात काम आहे: काँक्रीटची कड उभी न ठेवता तिरकी केली, की हाच अपघात बहुतेक वेळा टळतो. वाहनाचा अभ्यास रस्त्याच्या अभ्यासाशिवाय अपुरा राहतो, तो असा.

वळणाचे गणितही एकदा हाताने करावे. ३० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ४० किमीने घेतले तर गाडीवर आडवा जोर गुरुत्वाच्या ०.४२ पट येतो. तेच ताशी ६० ने घेतले तर ०.९४ पट. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. कसाऱ्याच्या घाटात पावसाच्या धारेत हे ध्यानात असू द्यावे.

भिवंडीचा एक फायदा अभ्यासकांनी उचलावा असे मला फार दिवसांपासून वाटते. गोदामांच्या पट्ट्यात वजनकाटे जागोजागी आहेत, आणि गुरुत्वमध्य शोधायला काटाच लागतो. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग फक्त मागची. त्यावरून गुरुत्वमध्य पुढे-मागे कुठे आहे ते कळते. उंची काढायची तर गाडी तिरकी करावी लागते. पुढची चाके भक्कम उतरणीच्या ठोकळ्यांवर चढवून गाडी १५ अंशांत आणली, तर २४५० मिमी अंतराच्या धुऱ्यांसाठी ती सुमारे ६३५ मिमी उचलली जाते. मागच्या धुऱ्यावरचे वजन तेव्हा किती वाढले, ते वाचायचे. १७०० किलोंच्या गाडीचा गुरुत्वमध्य धुऱ्यांच्या रेषेपेक्षा ३०० मिमी वर असेल तर ही वाढ सुमारे ५६ किलो भरते. आता मोजमापाची शिस्त कळते. काटा १० किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवत असेल तर एका टप्प्याची चूक उंचीत ५४ मिमीची चूक होते, म्हणजे सामानाचा बहुतेक परिणाम त्या एका चुकीत बुडून जातो. म्हणून बारीक काटा हवा, स्प्रिंग आणि शॉकअप हलू नयेत म्हणून सस्पेन्शन जखडून ठेवावे लागते, टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी असावी, आणि प्रयोग अनुभवी मिस्त्रीच्या देखरेखीखालीच करावा. जॅकवर गाडी टांगून हे कदापि करू नये. पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी हा एक प्रयोग नेटाने केला तर त्यांना या शास्त्राचा निम्मा गाभा समजेल.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांबद्दल मोजकेच सांगतो, कारण पुढे त्यावर बरेच वाचायला मिळेल. मधला डिफरन्शिअल नसलेल्या गाडीत चिखलातून बाहेर येऊन कोरड्या काँक्रीटवर फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारी जोडणी) तसेच ठेवले, तर पुढच्या-मागच्या धुऱ्यांत पीळ बसतो आणि गाडी घट्ट वळणाला नीट वळत नाही. चिखलासाठी बंद केलेली स्थिरता यंत्रणा महामार्गावर चालू आहे ना, ते पाहावे. चिखल-वाळूसाठी कमी केलेली टायरची हवा परत भरल्याशिवाय महामार्ग धरू नये. कमी हवेचा टायर वेगाने तापतो आणि फाटतो. अमेरिकेत २००० साली फोर्ड एक्सप्लोरर आणि फायरस्टोन टायरचे जे प्रकरण गाजले, त्यात २५० हून अधिक माणसे गेली. उष्णता, हवेचा कमी दाब आणि उंच गाडीचे उलटणे या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आल्या होत्या. त्याच वर्षीच्या कायद्यातून पुढे टायरच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा तिथे सक्तीची झाली.

गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमधल्या गाड्या पाहून लोक आपल्या गाडीलाही पाइपांचा पिंजरा बसवतात. स्पर्धेतला चालक हेल्मेट आणि चारपदरी पट्टा बांधून मंद वेगाने चालवतो. तोच उघडा पोलादी पाइप रोजच्या गाडीत उघड्या डोक्यापासून वीतभर अंतरावर असला, तर छोट्या धडकेतही तो जीवघेणा ठरतो. पुढच्या बंपरवरच्या लोखंडी गार्डचेही असेच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितले. हे गार्ड धडकेचा जोर सरळ चौकटीत पाठवते, एअरबॅगच्या वेळेत गडबड करते आणि समोर आलेल्या पायी माणसाला तर काहीच सुटका ठेवत नाही.

या पायी माणसाबद्दल मला आग्रहाने लिहायचे आहे, कारण आतल्या प्रवाशाच्या ताऱ्यांच्या झगमगाटात तो सहज विसरला जातो. यंत्रमागाची पाळी सुटते तेव्हा धामणकर नाका, वंजारपट्टी नाका, कल्याण नाका माणसांनी भरून जातात. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची आणि १९.५ टक्के पायी चालणारी होती. म्हणजे मृतांपैकी जवळपास दोन-तृतीयांश लोक कोणत्याही मोटारीच्या आत नव्हतेच. उतरत्या, बुटक्या बॉनेटची गाडी माणसाला पायावर मारते आणि वर घेते. उंच, सपाट नाकाची गाडी छातीवर मारते आणि खाली ढकलते. त्याच अमेरिकी महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. भारत एनकॅपमध्ये तीन ताऱ्यांपासून पुढे पादचारी-सुरक्षेची अट आहे. ती अटीपुरती न राहता गुणांत यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि पट्टा. सगळे तारे पट्टा बांधलेल्या पुतळ्यांवर मिळालेले असतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी गेले. गाडी युरोपात पाच तारे मिळवलेल्या मॉडेलची होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते. त्याच वर्षी देशात पट्टा न बांधलेल्या १६,७१५ जणांचा मृत्यू नोंदला गेला. वाडा-जव्हारकडे जाणाऱ्या जीपमध्ये समोरासमोरच्या आडव्या बाकांवर आठ-दहा जण बसतात, तेव्हा कोणत्याच चाचणीतला पुतळा त्यांच्या जागी कधी बसवलेला नसतो. तिथल्या माणसाला दुसरी एसटी वेळेवर मिळत नाही, म्हणून तो तसा बसतो. त्याला दोष देऊन हा विषय संपत नाही. त्या बाकाची सुरक्षा हा याच शास्त्राचा, आणि अजून कुणी नीट हाती न घेतलेला, प्रश्न आहे.

महाराष्ट्रात या अभ्यासासाठी लागणारे बरेच काही आहे. वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, रस्ते वाहतुकीची सीआयआरटी ही संस्था भोसरीला, थार नाशिकच्या कारखान्यात बनते, गुरखा बनवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय आकुर्डीला. मुंबईत माझगावला जीप जोडली जाऊ लागली त्याला पाऊणशे वर्षे झाली. कमी पडते ते रस्त्यावरचे, वापरातल्या गाडीचे निरीक्षण. ते काम प्रयोगशाळेबाहेरच्या माणसांनी करायचे आहे. गॅरेजमधला मिस्त्री कोणत्या गाडीचे कोणते टायर कसे झिजले ते सांगू शकतो. अस्थिरोग तज्ज्ञ कोणत्या धडकेत कोणते हाड मोडते ते सांगू शकतो. विम्याचा सर्व्हेअर, महामार्ग पोलीस, काटेवाला, गोदामाचा चालक यांच्यापाशी जे ज्ञान आहे ते कोणत्याही ग्रंथालयात नाही.

या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती आहे. पुढचे वाचण्याआधी आपल्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीजवळ जा. डाव्या आणि उजव्या चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजा, टपावर काय बांधले आहे ते पाहा, चारही टायरची हवा तपासा आणि मागच्या सीटचे पट्टे गादीखालून वर काढून ठेवा.